पान उलटणारं यंत्र

काही माणसं देवाला नवस बोलतात, काही माणसं घरबसल्या ॲप बनवायला घेतात. नवस बोलणाऱ्यांना निदान फेडायची भीती असते.

उद्यापंतांना ती नव्हती. हे नाव त्यांना कचेरीत पडलेलं, कारण घरच्या ॲपची चौकशी केली की उत्तर ठरलेलं: "उद्या झालंच म्हणून समजा." कचेरीतली कामं मात्र ते वेळेवर करत. तिथे साहेब होता. घरी फक्त बायको होती, आणि तिला त्यांनी चार वर्षं उद्यावर ठेवलं होतं.

बायको पेटी वाजवत कथा गायची. लांबलचक, पन्नास पन्नास पानांच्या, ऐकणाऱ्याला रडवून वर हसवणाऱ्या. दोन्ही हात पेटीवर, म्हणून पानं उलटायला शेजारच्या खुर्चीत उद्यापंत. एकदा त्यांनी एकदम दोन पानं उलटली. बायकोने नुसतं पाहिलं. ते पाहणं पंतांच्या इतकं जिव्हारी लागलं की घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "माणसाचं कामच नाही हे. मी यंत्र करतो. गाणं ऐकून आपोआप पान उलटेल."

खुर्ची रिकामी झाली. खुर्चीचं मात्र अडलं नाही. गल्लीतले निवृत्त कंपाउंडर तिच्यात येऊन बसले. जन्मभर पुड्या बांधलेला माणूस. बोट जिभेला लावून असं पान उलटायचा की दुसरं पान हलायचं नाही.

इकडे यंत्राची प्रगती जोरात होती. पहिलं वर्ष नाव आणि चिन्हाचा रंग ठरवण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी सगळं मोडून नव्याने लिहिलं, कारण जुनं 'जुनं' झालं होतं. तिसऱ्या वर्षी पासवर्ड आला, आणि पासवर्ड विसरल्यास काय करायचं त्याची तीन पानं आली.

"अहो, वापरणार मी एकटी ना?" बायकोने विचारलं.

"आज एकटी. पण उद्या?"

"आणि विसरले पासवर्ड तर?"

"तर त्या तीन पानांवर..."

"तुम्हाला हाक मारेन की! स्वयंपाकघरातून ऐकू येते."

मग एका सोमवारी तिने शांतपणे सांगितलं, "शनिवारी वृद्धाश्रमात कथा आहे. माझ्या गुरुबाई येणार आहेत. अठरा वर्षांनी ऐकणार आहेत मला. मध्ये थांबावं लागलं, तर मी पुन्हा पेटीला हात लावायची नाही. तुमचं होणार असेल तर होऊ दे. नाहीतर कंपाउंडर भाऊजी आहेतच."

'आहेतच' मधला तो 'च' पंतांना चार वर्षांच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त झोंबला. चार वर्षांत झालं नाही ते पाच दिवसांत झालं. गायलेली प्रत्येक ओळ यंत्र मोजायचं. बारा ओळी झाल्या की पान पुढे. परीक्षा म्हणून पंतांनी आख्खी कथा स्वतः म्हटली. प्रत्येक ओळ एकदाच, हजेरी घेतल्यासारखी. भिंतींनी सहन केलं. यंत्र एकदाही चुकलं नाही.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. पेटीवर वहीच्या जागी टॅब्लेट, शेजारची खुर्ची रिकामी. गुरुबाई पहिल्या रांगेत, डोळे मिटून. पहिली चार पानं लोण्यासारखी सरकली. पंतांनी भिंतीशी उभं राहून दुसऱ्या रांगेतल्या कंपाउंडरांकडे असं पाहिलं, जणू गड सर केला.

पाचव्या पानावर होडी सुटते आणि तीरावरची म्हातारी हाक मारते: "थांब रे नावाड्या, मागे कुणी राहिलं!" बायकोने ती ओळ घेतली. गुरुबाईंचा हात वर गेला, "पुन्हा." तिने पुन्हा घेतली. मग तिसऱ्यांदा, जरा वरून. मग नुसतंच "थांब रे..." सभागृहात कुणीतरी डोळे पुसले.

यंत्राने डोळे पुसले नाहीत. त्याने ओळी मोजल्या. म्हातारी हाका मारतेय, आणि पडद्यावर होडी पैलतीराला लागलीसुद्धा. आणखी दहा-बारा हाका, आणि नावाडी घरी जाऊन जेवायला बसला.

बायकोने मान न वळवता पाहिलं. चार वर्षांपूर्वीचं तेच पाहणं. आता ती म्हातारीच्या हाकेवर जमेल तितकी रेंगाळत होती, कारण पुढची ओळ तिच्यापुढे नव्हती.

कंपाउंडर बोट ओलं करून अर्धे उठलेच होते.

"बसा तुम्ही!" पंत म्हणाले, आणि चार वर्षांनी त्या खुर्चीत जाऊन बसले. ऐकणारं यंत्र बंद केलं. बोटाने पानं मागे ओढली, म्हातारी सापडली. मग ते हललेच नाहीत. आवाज पुन्हा त्याच ओळीकडे वळतोय की पुढे निघालाय, हे बायकोच्या श्वासावरून कळतं, हे त्यांना एके काळी माहीत होतं. ते आता आठवत गेलं. कथा संपेपर्यंत एकही पान आधी नाही, एकही नंतर नाही.

गुरुबाईंनी शिष्येला जवळ घेतलं, बराच वेळ सोडलं नाही. मग टॅब्लेटकडे बोट केलं. "जावईबापू, हे काय करतं?"

"मी शेजारी बसलो की चालतं," पंत म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी पासवर्ड काढला, ती तीन पानं काढली, मोजणारे कान काढले. दहा वाजेपर्यंत उरलं ते एवढंच: मोठी अक्षरं, आणि बोट लावलं की पुढचं पान. पंत खुर्चीत मागे रेलले. "झालं बघ पूर्ण!"

बायको चहा ठेवत म्हणाली, "अहो, मग वहीत काय वाईट होतं?"

"वहीला," पंत गंभीरपणे म्हणाले, "बोट ओलं करावं लागतं."