पहिल्या नंबरची शिळा

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या मेहुण्याने, विद्याधरने, टेकडी कधी कोसळेल ते सांगण्याची सरकारी विद्या शिकून घेतली होती. उताराला गुण, खडकातल्या भेगांना गुण, झिरपणाऱ्या पाण्याला गुण, झाडी नसली तर त्याचेही गुण. बेरीज जितकी मोठी तितका धोका मोठा. नापास होण्यातच टेकडीचं भलं.

झाशीबाहेरच्या टेकडीवरची हत्तीएवढी शिळा या परीक्षेत पहिली आली. तिच्या बरोबर खाली चंपाकाकूंचं घर.

"काकू, पावसाळ्याआधी इथून हला."

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती तिथंच आहे. तुझे आजोबा गेले, आमचे हे गेले. ती गेली का?"

"भेगेवर काचेची पट्टी चिकटवली होती, ती तडकली. म्हणजे शिळा सरकतेय."

"काच स्वस्तातली असेल, भैया."

विद्याधरने शिळेवर धोक्याची खूण करायचं ठरवलं. दुकानात लाल रंग नव्हता, म्हणून शेंदरी घेतला, आणि लांबून दिसावी म्हणून हात सढळ सोडला. पिढीजात पुजाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाने शेंदरी दगड उघड्यावर सोडून जेवायला जावं, याला काय म्हणावं?

ढेकर देत परतला तेव्हा शिळेला हार होता. मंगळवारी नारळ फुटले. शनिवारी भोंगा लागला.

"अरे, ये पत्थर खतरनाक है!" विद्याधर ओरडला.

"खतरनाक नहीं साहब, जागृत कहिए," हार घालणाऱ्या एका भक्ताने सुधारलं.

भक्तांच्या पायांखाली उतारावरची उरलीसुरली झुडपंही गेली. शिळेचे गुण आणखी वाढले.

पण पहाटेचा भोंगा आणि दारातला चपलांचा ढीग बघून काकूंनी ट्रंक भरली.

"शेवटी पटलं ना?" विद्याधर खुलला.

"दरड एकदाच कोसळते रे. हे रोज कोसळतात." आणि काकू मऊरानीपुरला लेकीकडे गेल्या.

श्रावणात शिळा निघाली. पाऊस असा, की भक्त घरी. ती थेट काकूंच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. विद्याधर ढिगाऱ्यात अक्षरशः नाचला. नोकरीत पहिल्यांदाच त्याचं खरं ठरलं होतं. बघायला कुणी नव्हतं.

काकू मिळेल त्या बसने आल्या. डोक्यावर पदर घेऊन शिळेच्या पाया पडल्या. मग विचारलं, "आता आणखी सरकेल का?"

विद्याधरने चारी बाजूंनी पाहिलं. "उतारच नाही, काकू. जाणार कुठे? जिल्ह्यात याहून सुरक्षित दगड नाही."

"मग मी तरी कशाला जाऊ? चूल पुढच्या खोलीत मांडते. तू तेवढं छप्पर घालून दे. देव भिजतोय."