सातव्या बोअरची पाळी

वेळ: सकाळी ९.१०

फाटक वाजलं आणि शिवणवाल्या काकूंच्या बोटात सुई टोचली. बाटलीवाला आला होता. हातात तोच नमुन्यांचा निळा खोका, गळ्यात तीच किल्ल्यांची जुडी. पण हा सकाळी कसा?

नऊ वर्षांत तो कधी चारच्या आत आला नव्हता. शेजारच्या पेट्रोल पंपाची टाकी जमिनीखाली गळली, काकूंच्या विहिरीच्या पाण्याला वास मारू लागला, विहिरीवर फळ्या ठोकल्या गेल्या. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तो सात बोअरमधलं पाणी बाटल्यांत भरून तपासायला नेई. सातवा बोअर काकूंच्या अंगणात.

पहिल्याच वर्षी त्यानं सांगितलं होतं, "काकू, गेल्या तपासणीत जिथलं पाणी सगळ्यात चांगलं, तिथून सुरुवात. सगळ्यात वाईट ते शेवटी. नाहीतर एकाची घाण दुसऱ्याला लागते."

"म्हणजे रांगेत आमचा नंबर कायम शेवटचा!"

तसंच झालं होतं.

पाण्याची पातळी: ४.२० मीटर

तो खरबरीत सिमेंटवर गुडघे टेकून पाईपात फीत सोडत होता.

"आज लवकर? साहेबांनी हाकललं की काय?"

"अजून नाही. तुमच्या तेलानं सोय तर केली होती."

काकूंनी जीभ चावली. गेल्या वर्षी बोअरच्या झाकणाच्या गंजक्या कुलपाशी झटून त्याची बोटं सोलवटायची, ते बघवेना. म्हणून त्यांनी त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. ते तेल त्याच्या हाताला लागलं, हातातून बाटलीत गेलं, आणि कागदावर सातवा बोअर भलताच बिघडला. त्याला ऑफिसात बोलणी बसली, नमुना पुन्हा घ्यावा लागला. तेव्हा त्याच्या खांद्यावरून काकूंनी कागद वाचला होता. 'कुलूप न पुसता उघडलं. चूक माझी.' काकूंचं नाव कुठेच नव्हतं.

वास:

बादलीतल्या पाण्यावर तो वाकला. मग रकान्यात एकच शब्द लिहिला. काकूंचा चष्मा आत राहिला होता.

"काय रे, काय निघालं?"

"मला बोलायची बंदी आहे, काकू. पत्र येईल."

"नऊ वर्षं मेली तोंडात मिठाची गुळणी! बरं, बाकीचे सहा झाले?"

त्यानं बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. पुन्हा एकदा घट्ट केलं.

"एकच झाला. पंपाच्या वरच्या अंगाचा."

तिथवर पंपाची गळती कधी पोचलीच नव्हती. तो बोअर नेहमीच पहिला.

काकू पायरीवर बसल्या. बोटांवर मोजलं: पहिला तो, मग दुसरा आपला. तो खोका आवरत राहिला, आवरलेला खोका पुन्हा आवरत राहिला.

शेरा:

काकू आत जाऊन एक जाड गादी घेऊन आल्या. उशीएवढी.

"गुडघ्याखाली घेत जा."

सवयीनं त्यानं आधी ती हुंगली.

"हुंग, हुंग! मशीन लावलं नाही, त्याला तेल असतं. सगळी हातशिलाई. साबणसुद्धा नाही लावला, चार पाण्यांतून काढलीय."

त्यानं टाक्यांवरून बोट फिरवलं. शेवटची चार बोटं शिवण राहिली होती, तिथं सुई लोंबत होती.

"तू चारला येणार, म्हणून निवांत होते रे मी."

"मग चारला येतो," तो म्हणाला. "पाच बोअर राहिलेत. आजचा दिवस काढतील गुडघे."

शेऱ्याचा रकाना त्यानं कोराच ठेवला. जाताना फाटक मात्र हळू लावलं.

काकू चष्मा घालून टाके पुरे करायला बसल्या. पायरीवर नाही, विहिरीच्या फळ्यांवर. मधेच अंगठ्यानं एक खिळा चाचपला. गंजून घट्ट बसला होता. थोडं तेल सोडलं असतं तर निघाला असता.

ते त्यांनी चार वाजता विचारून घ्यायचं ठरवलं.