धाकटीची पाठवणी

आमच्या घरात मी थोरली आणि ती धाकटी. धाकटी म्हणजे ह्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स. हातभर लांब, टरबुजाएवढी जड, आणि थाट असा की तिला पुसायला वेगळं मऊ फडकं, निजायला वेगळी गादीची पेटी आणि दमट दिवसांत कपाटात वेगळा दिवा. माझी उशी ह्यांनी इतक्या वर्षांत एकदा झटकून दिली असेल तर शपथ. मी बोलून दाखवलं की हे म्हणत, "अगं, तिच्या काचेला बुरशी लागते." मला काय लागतं हे विचारायची पद्धत नव्हती.

तरी धाकटीचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी नाकबूल करणार नाही. ह्यांचं चष्म्याचं दुकान होतं. माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवून "दिसतंय का? आणि आता?" असं विचारण्यात ह्यांचा जन्म गेला. दुकान बंद केलं आणि हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. खिडकीबाहेरही बघत नसत. दाढी वाढली. जेवायला वाढलं की ताट शेजाऱ्यांचं असल्यासारखे त्याच्याकडे बघायचे. वर्षभर मी त्या खुर्चीला शिव्या दिल्या. मग एका जुन्या गिऱ्हाइकाने आपली वापरलेली लेन्स विकायला काढली, ती ह्यांनी घेतली, आणि सत्तरीला टेकलेला माझा नवरा पक्ष्यांच्या फोटोंसाठी पहाटे उठून बूट घालायला लागला.

म्हणून डॉक्टरांनी ह्यांच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटलाय, यापुढे जड काही उचलायचं नाही असं सांगितलं, तेव्हा मी घाबरले ती खांद्यासाठी नव्हे. मला ती खुर्ची दिसली.

लेकीने मात्र तिथल्या तिथे निकाल लावला. लेन्स विकायची. गिऱ्हाईकही तिनेच शोधलं, एका शाळेतल्या बाई. रविवारी येऊन घेऊन जाणार होत्या.

"बाबा, हात कायमचा गेला तर तुम्हाला अंघोळ कोण घालणार?"

"तुझी आई."

"मी नाही," मी म्हटलं. "धाकटीला सांगा."

हे हसले, पण वाद घातला नाही, आणि तेच मला आवडलं नाही. फक्त शनिवारी एकदा माळावर जाऊ द्या म्हणाले. वीटभट्टीमागच्या माळावर तितराची एक मादी पिल्लं घेऊन फिरत होती. तिने ह्यांना बरेच दिवस झुलवलं होतं.

माळावर जायची आमची एक रीत होती. धाकटीला बाजाराच्या चाकांच्या पिशवीत बसवून मी ओढत न्यायची. तिथे पोचलं की न्हाणीघरातला जुना प्लास्टिकचा पडदा अंथरायचा, त्यावर हे पालथे. लेन्स पुढे वाळूने भरलेल्या पिशवीवर टेकवायची, म्हणजे हातावर भार येत नाही. पक्षी उडाला की हे ती उचलायचेच, ती खोड काही जाणार नव्हती, आणि खांद्याची वाट त्यानेच लागली. सगळ्यावरून मातकट रंगाची चादर. चादरीला पुढे एकच भोक, लेन्सपुरतं. आणि मागे, ह्यांच्या पायांशी, चादरीखाली थर्मास घेऊन मी. बोलायचं नाही, शिंकायचं नाही. पक्षी बघायला मी कधी गेलेच नाही, मी ह्यांच्याबरोबर जायची.

वाळूची जुनी पिशवी झिजून गेली होती, म्हणून शुक्रवारी मी उशीच्या अभ्र्याची नवी शिवली. वाळू आणायला कोण जाणार? गॅलरीतल्या पक्ष्यांसाठी आणलेलं धान्य घरात होतं, तेच भरलं. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शनिवारी उन्हं वर आली तरी काही हललं नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग पुढून बारीक चिवचिव ऐकू आली आणि ह्यांचे पाय ताठ झाले.

"आली," हे कुजबुजले. लगेच, "अरे देवा."

"काय झालं?"

"फार जवळ आली. पिल्लांसकट. अगदी लेन्सच्या तोंडाशी."

"मग काढा की फोटो."

"एवढ्या जवळचं हिला दिसत नाही. निदान आपल्या बैठकीएवढं अंतर लागतं. सगळं धुरकट दिसतंय." ह्यांचा आवाज रडवेला झाला होता. "मी हललो तर उडेल. तू ओढ मला."

"काय?"

"पडदा ओढ. हळू."

मी टाचा रोवल्या, पडद्याची दोन टोकं धरली आणि लग्नाच्या नवऱ्याला गोणीसारखा मागे ओढला. प्लास्टिक गुळगुळीत होतं म्हणून निभावलं. नवरा, लेन्स, पिशवी, चादर, सगळी वरात वीतभर सरकली.

"अजून."

ओढलं.

"अजून. मागे मागे येतायत गं ती. असं कधी झालं नाही. इतकी लाजरी जात ही."

मी धापा टाकत होते आणि हे त्या जातीचं कौतुक करत होते. तेवढ्यात माझ्या मनगटाखाली काहीतरी टोचलं. हात लावून बघितलं तर दाणे. पडद्यावरून घरंगळत माझ्यापर्यंत आले होते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पिशवीची शिवण उसवली होती, आम्ही सरकू तसतशी दाण्यांची रेघ पडत होती, आणि ते कुटुंब रेघ टिपत पाहुणचार घेत येत होतं.

"अहो, पिशवीत धान्य आहे. सांडतंय. भोकावर बोट ठेवा."

"धान्य?"

"नंतर ओरडा. आधी बोट ठेवा."

ह्यांनी डाव्या हाताचा अंगठा खुपसला. मी उरलंसुरलं बळ लावून ओढलं. पिल्लं सांडलेल्या दाण्यांवर थांबली, आम्ही सरकत राहिलो, आणि मग पुढून कॅमेऱ्याचा टक टक असा आवाज यायला लागला. तो बराच वेळ थांबला नाही.

संध्याकाळी ह्यांनी फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. मादीच्या पाठीवरचं पीसन् पीस मोजता आलं असतं. एका पिल्लाच्या चोचीत दाणा होता, माझ्या डब्यातला. हे किती वेळ बघत बसले. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "झालं. मन भरलं. उद्या नेऊ दे त्या बाईंना."

आणि मला असा राग आला की माझं मलाच नवल वाटलं.

"तुमचं भरलं. माझं काय?"

"म्हणजे?"

"ती पिल्लं माझ्यापासून खोलीभर अंतरावर चिवचिवत होती. मी काय पाहिलं? तुमच्या बुटांचे तळवे. इतकी वर्षं मी तुमच्या बुटांचे तळवेच बघतेय. डाव्याची टाच झिजलीय, माहीत आहे तुम्हाला?"

"हा काय फोटो, बघ की."

"फोटो कोणीही बघेल. मी तिथे होते."

हे चष्मा काढून पुसत राहिले. मी भांडी जरा जास्तच आपटली.

रविवारी बाई आल्या. ह्यांनी त्यांना लेन्स कशी धरायची, कशी पुसायची, सगळं समजावलं आणि मऊ फडकंही दिलं. बाईंनी ती एका हाताने लीलया उचलली, तेव्हा ह्यांनी नजर वळवली. दार लागलं. हे खिडकीपाशी गेले आणि खुर्चीत बसले. दुपार झाली, चहा निवला, संध्याकाळ झाली. मी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा नुसतं हूं. जगात मला कशाची भीती वाटत असेल तर त्या हूंची. आदल्या दिवशी कशाला भांडले म्हणून स्वतःला बोल लावत मी अंथरुणाला पाठ टेकली.

सोमवारी उजाडता उजाडता कुणीतरी माझा खांदा हलवला. हे बूट घालून उभे होते, डाव्या काखेत चादर.

"ऊठ. चादरीचं भोक कुठल्या बाजूला येतं ते मी बघून ठेवलंय. आज तू पुढे झोपायचंस."

"आणि लेन्स?"

"नुसतं बघायला लेन्स कशाला लागते?"

मी थर्मास भरला आणि दाण्यांचा डबा घेतला. माळावर मी पडद्यावर पालथी झाले, हे माझ्या पायांशी थर्मास घेऊन बसले. पुढे मूठभर दाणे टाकले होते. बऱ्याच वेळाने गवत हललं आणि ती आली, मान ताठ करून, आणि तिच्या मागून पिल्लं, एकमेकांवर धडपडत.

ह्यांनी माझ्या पायाला बोट लावलं. "आली का?"

"आली."

"मला काही दिसत नाही. सांग ना."

मी कुजबुजत सांगायला लागले. आई पुढे आहे. ती थांबलीय. एक पिल्लू मागे राहिलंय, ते आता पळत येतंय. माझ्या तोंडातून सगळं एकदम बाहेर पडत होतं.

"सावकाश," हे मागून म्हणाले. "सगळं सांग. मी ऐकतोय."