बापाच्या कोटाला रफू नको

फाटका म्हणून माझी कीव करू नका, मित्रांनो. मी नाटकातला जुना कोट आहे आणि फाटकं असणं हाच माझा धंदा आहे.

म्हैसूरच्या अग्रहार पेठेत शिंपी भीमसेनमामांनी मला शिवलं. लग्नात मिरवलो, मग वीस वर्षं ट्रंकेत कुजलो. शेवटी मराठी मंडळानं मला मुलांच्या परीकथेसाठी उचललं. ते अख्खं नाटक गाण्यातच चालतं. जंगलातली झोपडी, उपाशी पोरं, चिडलेली आई आणि बाजार करून गात-डुलत घरी येणारा बाप. तो बाप म्हणजे बँकेतले त्र्यंबकराव. ते बायकोपासून लपवून माझ्या खिशात बटाटे टाकतात. खिशाची खालची शिवण उसवलेली, म्हणून बटाटे टपटप खाली पडतात. बापाला पत्ता नाही, तो गातोच आहे! समोरची पोरं ओरडतात, "अहो बाबा, पडले!"

यंदा रजनीताईंनी बजावलं होतं. नाटक त्याच बसवतात, आईही त्याच होतात. "प्रवेश फार लांबतोय. हशा आला नाही तर कापणार." म्हणजे माझी रवानगी पुन्हा ट्रंकेत.

आणि प्रयोगाच्याच दुपारी मामांनी मला इस्त्रीला नेलं. परत आलो तो खिसा शिवलेला! कुणी सांगितलं होतं?

प्रयोगात त्र्यंबकरावांनी बटाटा टाकला. आतच राहिला. दुसरा टाकला, तोही. पोरं जांभया देऊ लागली. त्र्यंबकराव विंगेकडे सरकले. "खिसा कुणी शिवला?"

"मीच की!" विंगेतले मामा म्हणाले. "अय्यो, माझ्या हातचा कोट फाटका घालून चार माणसांत नाचणार? शिंपी मेला म्हणतील!"

"इथे मी मेलोय, मामा! फाडू का?"

"फाडायचं नाही!" म्हणत म्हातारा कात्री घेऊन सरळ स्टेजवर आला. पेटीवाला तीच ओळ घोळवत बसला, रजनीताई लाटणं उगारून ताटकळल्या. मामा गुडघ्यावर बसून, मान वर करून, एकेक टाका कापू लागले. "सुम्मने, गप उभे राहा हो, हलू नका!"

शेवटचा टाका सुटला आणि दोन्ही बटाटे मामांच्या नाकावर आदळले. पोरं खुर्च्यांवर उभी राहून हसली.

पडदा पडल्यावर रजनीताई म्हणाल्या, "प्रवेश राहतोय. मामांसकट."

मामा हसले नाहीत. माझी शिवण चाचपत पुटपुटले, "आतून एक बारीक टाका घालतो. कुणाला दिसणार नाही."

मित्रांनो, दोन्ही बाह्या जोडून सांगतो. वस्तू जपा, जरूर जपा. पण तिला हात लावण्याआधी तिचं काम काय, एवढं तरी विचारा. आणि कुणीतरी धावा, त्या म्हाताऱ्याच्या हातातली सुई आधी काढून घ्या!