चौथा हात

शेजारची विनीमावशी आमच्या मागच्या दाराने आत आली तेव्हा मी फ्लॉरीसाठी द्राक्षं उभी चिरत होते. चार वर्षांच्या पोरीच्या घशात अख्खं द्राक्ष बसू शकतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात अख्खं द्राक्ष कुणी पाहिलं नव्हतं. माझा नवरा कॉलम म्हणतो की मी पोरीला नाही, धोक्यांना वाढवते आहे. म्हणू दे.

मावशीने टोपीसुद्धा न काढता विषयाला हात घातला. यंदाची राणी लिनेट हॉलरॉइडची टॅमसिन आहे, आणि हात कमी पडतोय.

आमच्या एल्डरक्लफ गावात हे एवढं बोललं की पुरतं. आमच्याकडे दर उन्हाळ्यात एक तेरा वर्षांची मुलगी राणी म्हणून निवडतात. चर्चमध्ये पाद्री तिच्या डोक्यावर गुलाबांचा मुकुट ठेवतात, बँड वाजतो, मिरवणूक मैदानावर येते. पण मुकुट ठेवला म्हणजे राणी झाली, असं इथे कुणी मानत नाही. मैदानात एका गाडीवर ओकची उंच पाठीची खुर्ची असते. पूर्वीच्या, अठरा ओलांडलेल्या चार राण्या मुलीच्या खाली हात घालतात, तिला जमिनीवरून उचलतात आणि त्या खुर्चीत बसवतात. ती टेकली की राणी. तोवर ती डोक्यावर फुलं घातलेली एक पोर, बस. आईने आपल्या मुलीला हात लावायचा नाही. उचलताना मुलगी पडली तर तिचं नशीब. पुन्हा उचलत नाहीत, दोन नंबरच्या मुलीला बसवतात. आणि एकदा बसलेल्या राणीला कुणी उठवायचं नाही. ती स्वतःहून उतरेल तेव्हा उतरेल.

मोठ्यांपैकी गावात उरलेल्या राण्या चारच, बाकीच्या नोकरी-लग्नासाठी बाहेर गेल्या. विनीमावशी, हिलरी, नसरीन आणि लिनेट. लिनेट मुलीची आई, म्हणून बाद. मावशी म्हणाली, "तुला मुकुट मिळाला होता की, ब्रायनी. कमिटीचं म्हणणं, तेवढं पुरे."

मी सुरी खाली ठेवली. वीस वर्षांपूर्वी तेवढं पुरत नव्हतं.

माझ्या वर्षी उचलणाऱ्यांत लिनेट सर्वात तरुण होती आणि तिचा हात माझ्या डाव्या मांडीखाली होता. दोन नंबरला तिची धाकटी बहीण होती, जोडी नावाची. मला गाडीच्या कडेपर्यंत नेलं, खुर्चीचा हात माझ्या बोटांना लागलासुद्धा, आणि त्या क्षणी माझ्या मांडीखालची बोटं सुटली. घसरली नाहीत. सुटली, आधी करंगळी, मग बाकीची. मी पायरीवर आपटले, दोन्ही गुडघे फुटले, मुकुट घरंगळत बँडवाल्यांच्या पायाशी गेला. लोक हसले. लिनेट हात चोळत म्हणाली की पेटका आला. त्याच दुपारी जोडीला बसवलं. माझी आई तेव्हा पबमध्ये काम करायची आणि हल शहरातून आलेली, म्हणजे बाहेरची. तिने भांडण काढलं नाही. माझ्या गुडघ्यांतले खडे काढताना एवढंच म्हणाली, की बाळा, फुलं तर घातली ना डोक्यात.

पुढे लीड्सच्या कॉलेजात इंग्रजी घेतलं तेव्हा शेवटच्या वर्षाच्या निबंधाला मी एकच शब्द निवडला: एनथ्रोन, म्हणजे आसनावर बसवणं. बाईंना वाटलं, मला राजघराण्याचं वेड आहे. मला पाहायचं होतं की माझ्याकडून नेमकं काय काढून घेतलं. मूळ ग्रीकमध्ये तो साधा खुर्चीचा शब्द, उंच पाठीची, पाय ठेवायला चौरंग असलेली खुर्ची. चर्चने तो लॅटिनमध्ये उचलला, तिथून फ्रेंचांमार्फत तो आमच्याकडे आला. आणि आला तो आधी राजांसाठी नव्हेच, बिशपांसाठी जास्त. बिशपला नेमला, त्याच्यावर तेल शिंपडलं, सगळं केलं, तरी त्याच्या देवळातल्या आसनावर कुणी हाताला धरून बसवेपर्यंत गाव आपलं म्हणायचं नाही. त्याआधीच्या इंग्रजीत आसनाला राजाचं स्टूल म्हणायचे आणि माणसाला राजा करणं म्हणजे त्याला वर उचलणं. राज्याभिषेकाच्या जुन्या रीतीतही मुकुटानंतर धर्मगुरू आणि सरदार राजाला उचलून आसनावर ठेवतात. नंतर पुस्तकवाल्यांनी बुद्धीला बसवलं, प्रेमाला बसवलं, पैशाला बसवलं, तेव्हा कुठे शब्द गुळगुळीत झाला. मी सगळं लिहिलं, पहिला वर्ग मिळाला. कुठल्याही कोशात हे नव्हतं की बसवणाऱ्यातल्या एकाने हात काढून घेतला तर त्या माणसाला काय म्हणायचं.

मी मावशीला सांगितलं, न बसलेली बाई दुसरीला कशी बसवणार? आधी मला बसवा. मिरवणूक मैदानात आली की आधी मी. आणि माझ्या डाव्या मांडीखाली लिनेटचा हात हवा.

मावशीने टोपी काढून टेबलावर ठेवली. तिला तो दिवस आठवत होता; माझ्या उजव्या बाजूला तीच होती. "आणि मग तू टॅमसिनला हात देशील?"

"आधी मी बसते," मी म्हटलं आणि द्राक्षं फ्लॉरीपुढे ठेवली.

दोन दिवसांनी लिनेट स्वतः आली, आल्याचा केक घेऊन. हसणं तेच, दात जास्त दाखवणारं. म्हणाली, तेहतीस वर्षांची बाई, एक पोर पदरात, आणि खुर्चीत बसायचं वेड कसलं गं. लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक तेव्हाही काहीबाही म्हणालेच होते. मग ती पेटक्याबद्दल बोलू लागली, हल्लीही येतो म्हणे थंडीत. मी फक्त तिच्या हाताकडे बघत राहिले. शेवटी तिने तो हात केकच्या डब्यामागे नेला आणि म्हणाली, ठीक आहे, टॅमसिनसाठी. ती दारातून बाहेर पडल्यावर केक मी पक्ष्यांना टाकला. कॉलम म्हणाला, त्यात विष नव्हतं. मला माहीत होतं, नव्हतं.

मिरवणुकीच्या शनिवारी आभाळ स्वच्छ होतं. मी फ्लॉरीला उन्हाचं मलम दोनदा लावलं, बर्गरच्या गाडीमागचा जनरेटर कुठे आहे ते बघून ठेवलं, तंबूच्या दोऱ्या कुठे आडव्या येतात तेही. तिला कॉलमकडे दिलं आणि सांगितलं, हात सोडायचा नाही. तो म्हणाला, कुणी, तिने की मी?

बँड थांबला. कमिटीच्या माणसाने भोंग्यातून काहीतरी गुळमुळीत सांगितलं, जुनं राहिलेलं काम पुरं करतोय वगैरे. लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. टॅमसिन मुकुट घालून गाडीशेजारी उभी होती, लांब पांढरा पोशाख, सडपातळ मान. ती मला बघून लाजत हसली. चांगली मुलगी आहे ती. हे मी त्या वेळीही जाणून होते.

चौघींनी हात घातले. नसरीन पाठ दुखून कण्हली, हिलरी पुटपुटली की तेराव्या वर्षी तू फार हलकी होतीस गं. डावीकडे लिनेट होती. तिची बोटं माझ्या मांडीखाली इतकी घट्ट रुतली की दुखलं. या वेळी ती मला पाडणार नव्हती. तिची पोर खाली वाट बघत होती. गाडीच्या कडेला येताच मी माझं सगळं वजन तिच्या बाजूला टाकलं. तिच्या कपाळाची शीर फुगली, ओठ पांढरे पडले, पण हात हलला नाही. मग मी टेकले. लाकूड उन्हाने तापलं होतं. टाळ्या झाल्या, बऱ्याच जोरात.

लिनेटने माझ्या कानाशी म्हटलं, "झालं ना मनासारखं? उतर आता."

मी हात खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर ठेवले. "बसलेल्या राणीला उठवत नाहीत, लिनेट."

आधी तिला ती थट्टा वाटली. बँडने दोन धून जादा वाजवल्या. पोत्याच्या शर्यती झाल्या, चहाच्या टाकीपुढे रांग लागली, मटारच्या वाट्या फिरल्या. मी बसून होते. कमिटीचा माणूस येऊन गोड बोलला, पाद्रीही आले, त्यांनी क्षमेबद्दल काहीतरी सांगितलं. मी त्यांना विचारलं, तुमच्या बिशपला बसवल्यावर कुणी उठ म्हणालं होतं का? ते गेले. टॅमसिन तशीच उभी होती. तिच्या मुकुटातली गुलाबं उन्हाने माना टाकत होती. ती रडत नव्हती. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती, जसा मी फुटलेल्या गुडघ्यांनी दिला होता.

लिनेट पुन्हा वर आली. या वेळी दात दिसत नव्हते. मी तिला म्हटलं, भोंग्यात सांग, पेटका नव्हता. सांगितलंस तर उतरते.

ती म्हणाली, "पेटकाच होता."

"मग मी बसते."

ती उतरून गेली. मला वाटलं, मुलीकडे गेली असेल. मी डोळे मिटून जरा उन्हाकडे तोंड केलं असेल, आणि इतकंच पुरलं. उघडले तेव्हा कॉलम चहाच्या रांगेत कुणाशी तरी बोलत होता आणि फ्लॉरी लिनेटच्या कडेवर होती. लिनेट गाडीच्या दुसऱ्या टोकाला चढली होती, जिथे पायरी नाही, नुसती कड आणि खाली गाडी ट्रॅक्टरला जोडायचा लोखंडी दांडा. फ्लॉरी हसत होती. लिनेटने तिला एका हातावर बसवून कडेच्या बाहेर धरलं, जसं मुलांना झुलवतात तसं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा लाडिक आवाजात म्हणाली, "नऊ वर्षांनी तूच ना गं राणी? मी आहे ना तुला उचलायला."

तिचा तो हात, फ्लॉरीच्या डाव्या मांडीखाली. मी बोटं पाहिली. करंगळी सरळ होती.

ती सोडणार नव्हती. एवढ्या लोकांसमोर कोण सोडेल? कॉलमने संध्याकाळी हेच सांगितलं, आणि तो बरोबर असेल. पण तेव्हा मी विचार केला नाही. मी खुर्चीतून उठले. पाठीमागे लोकांचा एक मोठा उसासा ऐकू आला, सुटकेचा. तीन पावलांत मी लिनेटपाशी पोचले आणि माझी पोर तिच्या हातावरून काढून घेतली.

लिनेटचं हसू परत आलं होतं. खुर्ची रिकामी होती. तिने खाली टॅमसिनला खूण केली, ये, ये लवकर. विनीमावशी, हिलरी, नसरीन पुढे झाल्या, टॅमसिनने पोशाख गोळा केला. बँडवाल्याने तुतारी तोंडाला लावली. तिघींनी हात घातले आणि माझ्याकडे बघितलं.

मी फ्लॉरीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. तिच्या मलमाचा वास येत होता आणि ती म्हणत होती, आई, मला परत झुलव.

"ब्रायनी," मावशी हळूच म्हणाली. "पोरीला खाली ठेव गं. एक मिनिटाचं काम."

"माझे हात रिकामे नाहीत, मावशी."

लिनेटला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती फ्लॉरीला घ्यायला हात पुढे करून आली, मी धरते, मी धरते, असं म्हणत. सगळ्या मैदानाने ते हात पाहिले. मी एक पाऊल मागे झाले आणि पोरीला आणखी घट्ट धरलं. कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

मी पायरीने उतरले. टॅमसिनच्या बाजूने जावं लागलं. तिच्या खाली तीन बायकांचे हात होते आणि चौथ्या बाजूला मोकळी हवा. ती अर्धवट वाकून उभी होती, बसू की नको अशी. तिने माझ्याकडे पाहिलं. लाजरं हसू नव्हतं आता. ती माझा चेहरा नीट बघून घेत होती, ओठांपासून केसांपर्यंत, सावकाश, मी तिच्या आईचा हात पाहायचे तसा.

मी चालत राहिले. फ्लॉरीला कडेवरून खाली उतरवलं नाही, फाटकापर्यंत नाही, आणि घराच्या चढावरही नाही, दंड भरून आले तरी.