हॅडली की डनमोर

या, थोडं पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलं की गोष्ट अर्धी कानात शिरते आणि अर्धी पंख्याच्या वाऱ्यानं उडून जाते. आज तुम्हाला एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. त्यानं पिकअप घ्यायची म्हणून दोन गाड्या अशा काही पारखल्या, की तेवढी पारख त्यानं लग्नाआधी बायकोची केली नव्हती. बायकोनं त्याची केली असती तर लग्नच झालं नसतं, पण ते असो.

हा माणूस म्हणजे हॉलिस गेटवुड. पूर्व टेक्सासात, पाइनच्या रानात, लाल मातीच्या रस्त्यावर न्यू हर्मन चर्च आहे, तिथला डीकन, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा मानकरी. जन्मभर त्यानं काउंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे माती सपाट करायचं यंत्र, चालवला होता. त्यामुळे चाकांवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल आपल्याला देवाच्या खालोखाल कळतं, असं त्याचं नम्र मत होतं.

जूनमध्ये त्याच्या वडिलांच्या वेळची जुनी हॅडली पिकअप चर्चच्या अंगणात बसली, ती उठलीच नाही. गाडी ठेंगणी, दार करकरणारं, रंग कुठला होता ते आठवावं लागे. पण हॉलिसची आई, मिस लुवेनिया, दुधाच्या क्रेटवर एक पाय ठेवून दर रविवारी त्या गाडीत स्वतः चढायची आणि स्वतः उतरायची. ऐंशी केव्हाच ओलांडलेली बाई, गुडघे संपावर गेलेले, तरी पांढरा पोशाख आणि परातीएवढी पांढरी टोपी कधी चुकली नाही.

सून डोरेथा हिची छोटी मोटार दारात होती. तिच्यात म्हातारी बसायची झोकात, पण उठता येत नसे. एकदा चर्चच्या पायऱ्यांसमोर तिघांनी मिळून, चिखलात रुतलेलं खेचर ओढावं तसं तिला बाहेर ओढलं. टोपी एकीकडे, बूट दुसरीकडे. त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "मी चाऱ्याचं पोतं नाही. माझ्या पायांनी चढेन, माझ्या पायांनी उतरेन. नाहीतर घरी बसेन."

आणि ती घरी बसली.

आता यात काय बिघडलं, असं कुणी विचारेल. न्यू हर्मनमध्ये गाणं जुन्या रीतीचं. एकानं ओळ टाकायची, साऱ्या मंडळीनं ती झेलायची, लांबवायची, वळवायची, छतापर्यंत न्यायची. पन्नास वर्षं ही ओळ टाकत आली होती मिस लुवेनिया. तिचं झालं की पाळक ब्रिजवॉटर उभे राहत. आधी साधं बोलणं, मग बोलण्याला ठेका, मग ठेक्याला सूर. प्रवचन कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं हे ज्याला सांगता येई, त्यानं खुशाल उठून घरी जावं, त्याच्या हाती त्या दिवशी काही लागलेलं नसे.

ती येईनाशी झाली तसं गाण्याचं काम एका विजेच्या पेटीनं उचललं. पेटी कधी दमत नसे, कधी रडत नसे, सगळ्यांची सोय झाली. मग कुजबुज सुरू झाली, की मिस लुवेनियाला आता विश्रांती द्यावी. जिवंत माणसाला बाजूला सारायचं असलं की लोक किती मायेनं बोलतात पाहा. शेवटी असं ठरलं, की ऑगस्टातल्या होमकमिंगला, म्हणजे ह्यूस्टन, डॅलस, पार ओकलंडला गेलेली लेकरं गावच्या चर्चात परतायच्या रविवारी, ती आली तर पहिली ओळ तिची. नाही आली तर त्या दिवसापासून गाणं पेटीचं, आणि तिला एक छानसं मानपत्र.

हॉलिसला हे कळलं तसा तो पेटून उठला. होमकमिंगच्या आत नवी पिकअप घ्यायची आणि आईला चर्चात न्यायचं. हेतू आईला नेण्याचा होता, एवढं तुम्ही ध्यानात ठेवा, कारण आठवड्याभरात हॉलिसच्या ध्यानातून तो गेला.

गेटवुडांच्या घरात आजोबांपासून हॅडली. मुलाचा बाप्तिस्मा आधी पाण्यात, मग हॅडलीत. तेव्हा प्रश्न मिटायला हवा होता. पण डोरेथाचा भाऊ लेम्युएल हा दुसऱ्या कंपनीच्या, डनमोर गाडीचा भक्त, आणि डनमोरवाल्याला गप्प बसायचं वरदान देवानं दिलेलं नाही. त्यानं सहज विचारलं, की डीकनसाहेब, तुमची हॅडली ओढते किती? झालं. त्या दिवसापासून दोघं भल्या सकाळी निघत, दोन गावच्या दोन दुकानांत चकरा मारत, आणि युद्धावरून आल्यासारखे घरी येत.

हॅडली जेवढं वजन ओढे त्याहून डनमोर एका गाढवाइतकं जास्त ओढे. मग हॅडलीचा हौदा डनमोरपेक्षा वीतभर लांब निघाला. हॉलिस दोन्ही हौद्यांत आडवा झोपून आला. कशासाठी, ते विकणाऱ्यानंही विचारलं नाही. हॅडलीच्या गाद्या आतून तापत. डनमोरच्या तापत आणि वर पाठही चेपून देत. ऑगस्टात टेक्सासमध्ये तापती गादी हे सुख कुणाला सुचलं असेल, पण दोघांनी त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. हॅडलीच्या दुकानदारानं तर सांगितलं, की तिच्या धुराड्याची नळी मुद्दाम अशी घडवलीय की गाडी सुरू केली की शेजारच्या काउंटीत कळतं. हे ऐकून हॉलिसचे डोळे पाणावले. आईच्या प्रार्थनेनंही ते कधी इतके पाणावले नव्हते.

डोरेथा स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होती. एकदा तिनं विचारलं, "आईला एकदा चढवून बघितलंस का?"

"पाच माणसं पाय पसरून बसतात आत, डोरेथा."

"बसण्याचं नाही म्हटलं मी. चढण्याचं म्हटलं."

"दार उघडलं की आपोआप पायरी खाली येते. मी स्वतः तिच्यावर उड्या मारून बघितलंय."

"मग उड्या मारणाऱ्यांची सोय झाली," असं म्हणून ती भेंडी चिरायला वळली.

होमकमिंगच्या आदल्या शुक्रवारी दोन्ही दुकानदारांनी, बहुधा कंटाळून, गाड्या रविवारपर्यंत वापरून बघायला दिल्या. हॉलिस लाल हॅडली घेऊन आला, लेम्युएल निळी डनमोर. अंगणात दोन्ही उभ्या राहिल्या तशी मागची कोंबड्यांची खुराडी दिसेनाशी झाली.

खरी कसोटी भट्टीची. होमकमिंगचं मांस धुरावर शिजतं ते गेटवुडांच्या भट्टीत. ही लोखंडी भट्टी चाकांच्या सपाट, बुटक्या ट्रॉलीवर जडवलेली, आणि होमकमिंगच्या सकाळी ती धुमसत धुमसत चर्चला न्यायची, असा रिवाज. मागं एक लाकडी उतरण, ढकलगाडीनं ओंडके वर चढवायला. शनिवारी दोघांनी ती ट्रॉली आळीपाळीनं दोन्ही गाड्यांना जोडून टेकडीवर नेली, खाली आणली, पुन्हा नेली. दोन्ही गाड्यांनी ती अशी ओढली की जणू मागं काही नाहीच. दोघांचे चेहरे पडले. मोडकी जुनी हॅडलीही ती ओढतच होती, याची त्यांना कुणी आठवण करून दिली नाही. शेवटी नाणं उडवलं. चर्चला भट्टी हॅडली नेणार असं निघालं, आणि हॉलिस रात्री देवाचे आभार मानून झोपला.

रविवारी सकाळी मिस लुवेनिया बाहेर आली. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, टोपी, हातात काठी. ओट्यावरून उतरली, अंगण ओलांडलं आणि हॅडलीच्या दारासमोर उभी राहिली. हॉलिसनं दार उघडलं. पायरी ऐटीत खाली आली आणि तिच्या गुडघ्यापाशी थांबली. म्हातारीनं पाय उचलला. पाय वीतभर उचलला गेला. पुन्हा उचलला. तेवढाच, आता दुधाच्या क्रेटएवढाही नाही. टोपी दाराच्या चौकटीला लागून मागं सरकली.

लेम्युएलनं घाईघाईनं डनमोरचं दार उघडलं. तिची पायरी आणखी उंच. लेम्युएलच्या चेहऱ्यावरचं डनमोरवाल्याचं हसू उतरलं.

कुणी हसलं नाही. किती टन, किती वीत, किती गरम, सगळं हॉलिसच्या ओठांवर होतं. आईचा पाय किती उचलतो, एवढं एकच माप त्याच्याकडे नव्हतं. तो खाली वाकला आणि तिला उचलायला हात पुढं केले. तिनं काठी आडवी धरली.

"हात मागं घे, हॉलिस."

"आई, आजच्या दिवस. पेटी वाट बघतेय तिथं."

ती वळली. हॉलिसला वाटलं, घरात चालली. पण ती गाडीच्या मागं गेली. तिथं ट्रॉली उभी होती, धुमसणारी भट्टी, आणि ओंडक्यांची उतरण अजून लावलेलीच. काठी टेकत, एक पाऊल, मग दुसरं, ती उतरणीवरून वर गेली आणि भट्टीच्या पुढच्या मोकळ्या फळीवर उभी राहिली, धूर मागं जाईल अशी.

"डोरेथा, माझी खुर्ची आण."

"आई," हॉलिस म्हणाला, "मांसाच्या भट्टीवर बसून? ह्यूस्टनची माणसं मागून येतील. काय म्हणतील?"

"उन्हाळाभर काय म्हणत होती ते मला ठाऊक आहे. लुवेनिया संपली, असं म्हणत होती." तिनं टोपी नीट केली. "हळू चालव."

खुर्ची आली, दोराला बांधली. डोरेथा शेजारी उकिडवी बसली. हॅडली सुरू झाली आणि शेजारच्या काउंटीला कळलं. चर्च जवळच होतं, लाल रस्त्यानं टेकडीपलीकडे. जरा पुढं गेल्यावर म्हातारीनं डोळे मिटले आणि ओळ टाकली. हॉलिसला आरशात तिचं तोंड उघडलेलं दिसलं. ऐकू आली ती फक्त दुकानदारानं वाखाणलेली नळी. तिनं पुन्हा टाकली. पुन्हा नळी. मग तिनं काठीनं भट्टीवर असा ठोका दिला की हॉलिसनं ब्रेक मारला.

"ते तुझं जनावर गप्प बसव."

"आई, इंजिन आहे ते. आवाज करणारच."

"मग त्याचं काय?" तिनं काठी मागं रोखली. मागून लेम्युएलची डनमोर येत होती, मांजरीसारखी, चाकाखालचे खडे तेवढे वाजत होते. लेम्युएलच्या चेहऱ्यावर डनमोरवाल्याचं ते हसू परत उगवलं होतं.

भर रस्त्यात ट्रॉली सोडवली, निळ्या गाडीला जोडली. मागं ह्यूस्टनच्या, डॅलसच्या मोटारी एकामागं एक येऊन थांबल्या होत्या. आपल्या हातांनी डनमोरचा आकडा अडकवताना हॉलिसच्या डोळ्यांपुढून आजोबा गेले. लेम्युएल शेजारी वाकून हळूच म्हणाला, "वजन गाढवाएवढं जास्त ओढते, डीकनसाहेब. सांगितलं होतं मी."

"चालव आता," हॉलिस म्हणाला. हॅडली रस्त्याकडेला ठेवून तो ट्रॉलीच्या बाजूनं पायी चालू लागला.

मिस लुवेनियानं ओळ टाकली. आवाज कापरा होता, तिसऱ्या शब्दावर तुटला. डोरेथानं झेलला. हॉलिसनं झेलला. मागच्या मोटारींच्या काचा खाली झाल्या आणि एकेक गाडी तो सूर उचलू लागली. शहरातली माणसं, आपल्याला हे येतं हे विसरून गेलेली. टेकडीवर चढेपर्यंत लाल रस्ताभर एकच लांब, संथ हुंकार उठला होता, आणि गाणं चर्चात गाड्यांच्या आधी पोचलं. पाळक ब्रिजवॉटर दारात आले, टोपी काढून उभे राहिले. पेटीवाल्या पोरीनं पेटीची विजेची तार काढून ठेवली, कुणी न सांगता. म्हातारी उतरणीवरून स्वतःच्या पायांनी खाली आली आणि आत जाऊन आपल्या जागी बसली. अंगाला धुराचा वास येत होता. त्या दिवशी पाळकांचं प्रवचन दुसऱ्या वाक्यालाच सुरात चढलं.

सोमवारी हॉलिसनं डनमोर घेतली. का घेतली म्हणून कुणी विचारलं, की तो वजन आणि पाठ चेपणारी गादी एवढंच सांगे, आणि लेम्युएल खाकरून नळीच्या आवाजाचं काढणार तोच दुसरा विषय काढून देई. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे मात्र त्यानं बरेच दिवस मान वर करून पाहिलं नाही. त्या प्रचंड, महागड्या गाडीनं पुढं दर रविवारी एक खुर्ची ओढली, माणसाच्या चालीनं. पाऊस असला तर वर ताडपत्री.

दोन होमकमिंग म्हातारी तशी गेली. तिसऱ्याला खुर्ची रिकामी होती. हॉलिसनं ती तरीही दोरानं बांधली, वर पांढरी टोपी ठेवली, आणि त्याच चालीनं गाडी नेली. वाटेत कुणीतरी मागच्या मोटारीतून ओळ टाकली.

तर तुम्हीही कधी मोठी गाडी पारखायला निघालात, किती ओढते, किती तापते असं विचारू लागलात, तर आधी दार उघडा, आणि कुणाचा पाय किती उचलतो ते बघा. आणि त्या घडीला न्यू हर्मनच्या मिस लुवेनियाची एकदा आठवण काढा.