भाऊ न्यायला येणार आहे

"अहो, पाणी तोडून तरी येऊ द्या की!" पाटकरी फावडं रोवून उभा राहिला. पण हवालदारानं शिट्टी फुंकली म्हणजे फुंकली.

कांद्याच्या वाफ्यात पाणी अर्ध्यावर आलं होतं. ज्यानं जन्मात एकदा तरी पिकाला पाणी दिलंय त्याला कळेल, वाफा भरत असताना माणसाला बोलावणं म्हणजे चुलीवर दूध ठेवून गावाला जाणं. हवालदाराला हे कोण सांगणार?

"आधी रांगेत ये. पाणी काय पळून जातंय?" तो म्हणाला.

पाणी दुसरं करतं तरी काय? पण पाटकरी आला. चौदा वर्षं शिट्टीवर उठलेला माणूस, पाय आपोआप निघतात. फावडं तिथंच राहिलं आणि पाणी आपल्या मनानं चालत राहिलं.

आमचा तुरुंग उघडा आहे. म्हणजे भिंत नाही, बराकींना कुलूप नाही, नुसती चाळीस एकर जमीन आणि भोवती करवंदीची जाळी. भल्या वागणुकीच्या कैद्यांना इथं आणतात. भली वागणूक म्हणजे काय, तर सांगितलेलं ऐकायचं आणि जे दिसलं ते न दिसल्यासारखं करायचं. मला इथं कसं आणलं हे देवच जाणे, कारण मला सगळे तोंडाळ म्हणतात आणि ते खोटं नाही. मी भाजीच्या वाफ्यांवर आहे. पाटकरी पाण्यावर. साठीला टेकलेला, हाडापेरानं मजबूत. एक शब्द बोलायचा झाला तरी तीनदा गिळून मग बोलणार.

त्या दिवशी बाहेरची पाहणी मंडळी येणार होती. ही मंडळी खात्याची नव्हेत. कुणाच्या पगारावर नाहीत, म्हणून त्यांनी खरं काय ते पाहून लिहावं, अशी सोय. सोय चांगली आहे. पण सोयीवर सोय करणारे आमचे साहेब काही कमी नाहीत.

अवजारांच्या खोलीपुढं आम्हा नऊ जणांची रांग लावली. नऊ जण म्हणजे ज्यांची मुदतीआधी सुटका व्हायची होती ते. नियम असा, की घरचं कुणी घेऊन जायला तयार असेल तरच लवकर सोडायचं. नाहीतर उरलेली वर्षं इथंच काढा. माझी दोन उरली होती, पाटकऱ्याची तीन.

"मंडळींचा छापील कागद असतो," साहेब म्हणाले. "दरवर्षी तेच नऊ प्रश्न, तोच क्रम. कार्यालयाकडून सुरुवात करतात. पहिल्याला जेवणाचं विचारतील, दुसऱ्याला डॉक्टरचं. ज्याला जे उत्तर दिलंय तेच त्यानं द्यायचं. दुसऱ्याचं उत्तर तोंडी आणायचं नाही. कळलं?"

"कळलं साहेब," आम्ही नऊ तोंडांनी म्हणालो.

"पहिला?"

"जेवण पोटभर मिळतं."

"दुसरा?"

"डॉक्टर दर मंगळवारी येतात."

डॉक्टर मी शेवटचा पाहिला तो गाईला कालवड झाली तेव्हा, आणि तोही गुरांचा. तिसरा मी. माझं उत्तर होतं, "रोज वाचनालयात बसतो." वाचनालयात बियाण्याची पोती आहेत. मी बसतो ते खरं आहे, पोत्यांवर.

असं करत साहेब शेवटी पाटकऱ्यापाशी आले. "तू नववा. सुटल्यावर कुठं जाणार, असं विचारतील. काय सांगशील?"

पाटकऱ्यानं तीनदा गिळलं. "साहेब, ते तेवढं मला नको. माझा भाऊ तर..."

"फाइलीत तसंच आहे. भाऊ न्यायला येणार आहे. म्हण!"

"भाऊ न्यायला येणार आहे," तो म्हणाला. मान खाली होती. ही तालीम चार वेळा झाली.

तेवढ्यात मोटार आली. मंडळी म्हणजे दोनच जण. एक बाई, साठीच्या आसपासच्या, पूर्वी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या म्हणे. आणि एक गृहस्थ. त्यांना खुर्ची मिळाली तेव्हाच त्यांची पाहणी संपली. बाई मात्र चपला वाजवत रांगेकडं निघाल्या आणि दहा पावलांवर थबकल्या.

कार्यालयाच्या बाजूला गुडघाभर चिखल झाला होता. वाफा फुटून पाणी वाटेवर आलं होतं आणि साहेबांच्या चुन्याच्या पांढऱ्या रेघा त्यात तरंगत होत्या. मला हसू आवरेना. पाणी काय पळून जातंय!

"मी पलीकडून येते," बाई म्हणाल्या, आणि वळसा घालून थेट रांगेच्या शेपटाला, पाटकऱ्यापुढं उभ्या राहिल्या. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

बाईंनी छापील कागद काढला. "बाबा, इथलं जेवण कसं असतं?"

आता कुणीही शहाणा माणूस काय सांगेल? बरं असतं, वाईट असतं, मीठ कमी असतं. पण ज्याचं आयुष्य सांगितलेलं ऐकण्यात गेलं तो काय सांगणार?

"भाऊ न्यायला येणार आहे," पाटकरी म्हणाला.

बाईंना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. त्या पुढच्याकडं गेल्या. "डॉक्टर येतात का?"

"शिलाईकाम शिकलो, बाई."

"मारहाण, शिवीगाळ होते का?"

"आंघोळीला गरम पाणी असतं."

हवालदार डोळे वटारून खुणा करत होता. त्यामुळं पोरं आणखीच बावचळली आणि पाठ केलेलं आणखी जोरात बोलू लागली. माझ्यापर्यंत येईतो बाईंनी कागदाची घडी घातली होती. त्यांनी मला विचारलं, "यांना हे कुणी शिकवलं?" मी तोंडाळ आहे, पण माझी मुदतीआधीची सुटका दीड महिन्यावर आली होती. मी म्हणालो, "रोज वाचनालयात बसतो." त्याची लाज मला अजून वाटते. एरवी घोड्यासारखा खिंकाळणारा मी, वेळ आली तेव्हा पोपट झालो.

 बाई तशाच परत पाटकऱ्याकडं गेल्या.

"बाबा, कोणता भाऊ येणार आहे? थोरला की धाकटा?"

"एकच होता. थोरला."

"होता?"

पाटकऱ्यानं तीनदा गिळलं. साहेब खाकरले, हवालदार खाकरला, खुर्चीतले गृहस्थसुद्धा खाकरले. पण ह्या खेपेला तो थांबला नाही.

"पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं होतं, बाई. माझ्या हातात फावडं होतं. त्यालाच मारलं म्हणून तर मी इथं आहे."



बाईंनी नऊच्या नऊ फाइली मागवल्या आणि खोलीच्या पायरीवर बसून चाळल्या. नऊही फाइलींत एकच ओळ, एकाच हातची: 'भाऊ घेऊन जाण्यास तयार. घर समक्ष पाहिले.' मला पाठच्या-पुढच्या मिळून चार बहिणी, भाऊ औषधालाही नाही.

"कारकुनाची चूक," साहेब हसून म्हणाले.

"घर समक्ष कुणी पाहिलं?"

कारकुनानं साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी आभाळाकडं.

"आता नातेवाइकांना पत्रं तरी गेलीत?"

"गेली तर! परवाच सगळी टपालात टाकली," कारकून घाईनं म्हणाला. निदान एक तरी काम केल्याचा त्याला आनंद झाला होता.

बाईंनी सगळं लिहून नेलं. त्याचं पुढं काय व्हायचं ते होईल. कागद वरच्या कचेरीत गेला की तो मोठ्या माणसांसारखा वागतो, लवकर उठत नाही. इथं मात्र त्याच संध्याकाळी साहेबांनी पाटकऱ्याच्या फाइलीवर रेघ मारली. नेणारा कुणी नाही, सुटका रद्द.

"जिभेनं तीन वर्षं वाढवून घेतलीस," ते म्हणाले. "तोंड मिटून बसला असतास तर सुटला असतास."

"सुटून कुठं गेलो असतो, साहेब?" पाटकरी म्हणाला आणि फुटलेला वाफा बांधायला गेला.

अकरा दिवसांनी, सकाळी भाजी काढत असताना, फाटकाशी एक म्हातारी आली. पायांत झिजलेल्या वहाणा, हातात पिशवी आणि घडी घातलेलं सरकारी पत्र. तिनं ते कारकुनापुढं धरलं.

"हे माझ्या मालकांच्या नावानं आलंय. आपल्या भावाला न्यायला समक्ष हजर व्हा म्हणून. शिक्का आहे, सही आहे."

"मग? ते आले नाहीत?"

"यायचे कसे?" म्हातारी म्हणाली. "ज्याला मारलं म्हणून याला आत टाकलंत, त्यालाच बोलावणं धाडलंत. चौदा वर्षांत तुमच्या लक्षात नाही आलं? ते आले नाहीत, मी आले. कुठं आहे तो?"

पाटकऱ्यानं तिला लांबूनच ओळखलं होतं. तो वाफ्यातून वर आला, पाय चिखलानं भरलेले, आणि चार हात अलीकडं थांबला. "वहिनी," एवढंच म्हणाला. तो एकदम खाली वाकला.

ती मागं सरली. "पायाला हात लावायचा नाही, भावजी. पाया पडून नांगरट होत नाही."

तो वाकलेलाच राहिला.

"पोरगं शहराला गेलं ते गेलं. चौदा वर्षं शेत पडून आहे, कमरेएवढं तण आलंय. नांगर धरणारा तुम्ही मारलात. आता नांगर तुम्ही धरायचा. गोठ्यात जागा आहे. घराचा उंबरा चढायचा नाही. भाकरी बाहेर मिळेल, पण मी बोलणार नाही. कबूल असेल तर चला. नसेल तर इथंच मरा."

आमचे साहेब धावत आले. त्यांना रेघ मारलेल्या फाइलीत पुन्हा रंग भरता येणार होता. "वा, वा! क्षमा हीच खरी..." त्यांनी सुरू केलं.

"क्षमा कुणी केली?" म्हातारी वसकली. "तुमची शिक्षा संपली असेल. माझी आजपासून सुरू."

साहेबांनी ते ऐकलंच नाही. कारकुनाला म्हणाले, लिही, कुटुंबानं आनंदानं स्वीकार केला. दोन तासांत कागद झाले. एरवी ह्याच कागदांना दोन महिने लागतात.

पाटकरी गाठोडं घेऊन निघाला. जाताना त्यानं वहिनीच्या पिशवीला हात घातला, तर तिनं ती हिसकून दुसऱ्या हातात घेतली. ती पुढं, तो दहा पावलं मागं, असे ते रस्त्याला लागले. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. पण वळणावर तो मागं पडला तेव्हा थांबली, पाठमोरीच, तो येईपर्यंत.

मी मुळ्याची जुडी हातात धरून बघत होतो. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. शिव्या द्यायला का होईना, त्याला न्यायला कुणीतरी आलं होतं.